तीस तासांची चावी

१

व्हिडिओ चार मिनिटं अकरा सेकंदांचा आहे. मी तो सतरा वेळा पाहिला.

पौडच्या बाजारपेठेमागचं घर. सतरंजीवर वीतभर लांबीचं पुठ्ठ्याचं खोकं, सगळ्या कडांना तपकिरी टेप. मोबाइल जस्मीनच्या हातात आहे, म्हणून ती दिसत नाही. तिचा भाऊ अनिस खोकं सहाही बाजूंनी कॅमेऱ्यासमोर फिरवतो, मग ब्लेडनं टेप कापतो. शेजारी त्यांची आई, दिलशादचाची, पदराचं टोक मुठीत धरून बसली आहे. मागे भिंतीला टेकून वडील, नबीलालचाचा. ते खोक्याकडे नाही, बायकोकडे बघतायत.

बबलरॅपच्या घड्या उलगडतात आणि आतून दगड निघतो. काळा, लहान लिंबाएवढा.

मग चाची हात पुढे करते, दगड उचलते आणि कानाला लावते. तिथे व्हिडिओ संपतो.

त्या खोक्यात घड्याळ असायला हवं होतं. अतीकचं.

अतीक हा चाचांचा थोरला मुलगा. सोळा वर्षांपूर्वी, जुलै महिन्यात, एका गुरुवारी रात्री बापलेकांचं भांडण झालं. चाचांना वाटायचं, त्यानं त्यांच्या पेठेतल्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसावं. त्याला धरणाकाठच्या लवासाच्या साइटवर वायरिंगचं काम मिळालं होतं. शुक्रवारी पहाटे तो घरातून निघाला आणि साइटवर पोचलाच नाही. कुणी म्हणालं दुबईला गेला, कुणी म्हणालं लग्न करून कुठेतरी राहतोय. चाची म्हणायची, रागावलाय, येईल. सोळा वर्षं ती हेच म्हणत आली होती.

दहावी पास झाल्यावर वडिलांनी दिलेलं एचएमटीचं घड्याळ त्याच्या मनगटावर होतं. हातानं चावी द्यायचं. एकदा पूर्ण चावी दिली की तीसेक तास चालणारं. रोज सकाळी तोंड धुण्याआधी घड्याळाला चावी द्यायची, ही त्या घरातली शिस्त. माझी आणि जस्मीनची शाळेपासूनची मैत्री, त्यामुळे ती मलाही पाठ होती.

यंदा मे महिन्यात जस्मीनला एका ऑनलाइन लिलावात ते घड्याळ दिसलं. इंदूरचा एक विक्रेता जुनी घड्याळं विकतो. ‘बंद आहे, डायलवर डाग’ असं लिहून त्यानं मागचं झाकण उघडूनही फोटो टाकला होता. घड्याळजी माणसं झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं आपली खूण आणि तारीख कोरतात. पुन्हा कधी घड्याळ हातात आलं तर कुणाचा हात लागलाय ते कळावं म्हणून. त्या झाकणात ‘न’ आणि त्याखाली टिंब होतं. नबीचाचांची खूण. शेजारी ३-०८.

चार हजार आठशे रुपयांना घड्याळ घेतलं. विक्रेत्याला ते मोडीच्या एका पोत्यात मिळालं होतं. त्यापलीकडे त्याला काही माहीत नव्हतं.

आणि आता त्याच्या जागी दगड आला होता.

२

“सृष्टे, तू त्या उरवड्याच्या कंपनीत खोकी आपटायचा पगार घेतीस ना?”

आळीतला कुरिअरवाला शेखरदादा आमच्या घोटावड्यातल्या घरासमोर बाइकवर बसूनच बोलला. नेहमी तो हे चिडवायला विचारतो. मी फिजिक्सची पदवी घेऊन पॅकेजिंगच्या लॅबमध्ये काम करते. कुठलं खोकं किती उंचीवरून पडलं की फुटतं, हे मोजते. पण त्या बुधवारी त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. पाठीवर कुरिअरची पिशवीही नव्हती.

“कामाचा आयडी बंद केलाय माजा. नबीलालचाच्याचं पार्सल मीच दिलतं शनवारी. आतलं घड्याळ मी काढलं म्हंत्यात.”

“कोण म्हणतं?”

“विम्यावालं. वीस हजाराचा विमा हाय म्हनं त्येच्यावर. त्यांनी कंपनीला धरलं, कंपनीनं मला. सोमवारी चोरीची तक्रार करनार हायेत.” तो हँडलवरचा आरसा उगाच फिरवत राहिला. “शुभांगीला आठवा लागलाय. तिला मी रजा घेतलीय म्हणून सांगितलंय.”

“तू खोकं उघडलंस?”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. “इतकी वर्षं वळकतीस आन इचारतीस?”

“मोजल्याशिवाय मी काही लिहीत नाही, दादा.”

“मग मोज,” तो म्हणाला. “विमा नसता ना, तर कुनी इचारलंच नसतं. गेलं तर गेलं म्हनाले असते.”

तो गेल्यावर मी त्याचं शेवटचं वाक्य वहीत लिहून ठेवलं. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

३

शनिवारी मी पौडला गेले. अनिस हिंजवडीहून आला होता. तो लॅपटॉपवर विम्याचा फॉर्म भरत होता.

“विमा मीच काढला,” तो म्हणाला. “विक्रेता नको म्हणत होता. त्याचं म्हणणं, विमा काढला की खोक्यावर रक्कम छापतात आणि वाटेत प्रत्येकाला कळतं आत काहीतरी आहे. मी ऐकलं नाही.”

“चार हजार आठशेच्या घड्याळाला वीस हजार?”

“त्याची किंमत किती ते अब्बांना विचार.” त्यानं लॅपटॉप मिटला. “हरवलं असतं तर कुणीतरी जबाबदार असायला पाहिजे होतं, सृष्टी. भाई गेला तेव्हा कुणीच नव्हतं. साइटवाले म्हणाले आमच्याकडे आलाच नाही, पोलीस म्हणाले सज्ञान आहे. या वेळी मला एक कागद हवा होता, ज्यावर कुणाची तरी सही असेल.”

मी शेखरदादाचं नाव घेतलं नाही. आळ त्याच्यावर आलाय हे अनिसला माहीत असतं तर त्यानं असं सांगितलं नसतं. विमा कंपनीतल्या बाईनं त्याला फक्त ‘चौकशी सुरू आहे’ एवढंच कळवलं होतं.

खोकं आधीच्या शनिवारी अकरा वाजता आलं आणि रविवारी सकाळी दहाला उघडलं. मधले तेवीस तास ते कपाटावर होतं. कारणही विमाच. एका शॉटमध्ये घेतलेला, कुठेही न थांबवलेला व्हिडिओ नसेल तर विमा मिळत नाही. अनिस रविवारी येणार होता, म्हणून त्यानं फोनवर बजावलं होतं, कुणी हात लावायचा नाही.

“त्या शनिवारी दुपारी घरात कोण होतं?”

“कुणीच नाही,” जस्मीन म्हणाली. ती पिरंगुटच्या एका दवाखान्यात नर्स आहे. “पार्सल कपाटावर ठेवून अम्मी नात्यातल्या उझमाच्या साखरपुड्याला उरवड्याला, अब्बा दुकानात. मी चारला आले. खोकं जागेवर होतं. पंख्याचं बटण दाबलं आणि वाटलं, आज हात नीट धुतलेच नाहीत. घरभर माझ्याच हाताचा वास येत होता.”

“कसला?”

“दवाखान्याचा. स्पिरिटचा.”

नबीचाचा उंबऱ्यावर बसून चपलेचा पट्टा नीट करत होते. मी जवळ बसले. आठवड्यात ते बारीक झाल्यासारखे वाटले.

“चाचा, तुम्हाला काय वाटतं? कुठं गेलं असेल?”

“गेलं ते गेलं.” त्यांनी मान वर केली नाही. “कंपनी देनार ना पैसं? त्येच्यासाठीच आसतो विमा. कुनाचं काय जात न्हाई.”

स्वयंपाकघरात चाचीनं चहा केला. तो दगड तिनं फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवला होता.

“एक सांगू का तुला,” ती हळू आवाजात म्हणाली. “न्हाई आलं ते बरंच झालं. ते आतीकचं नव्हतंच. आतीकचं त्येच्या हातातच हाय. यांच्या खुनंची लई घड्याळं गावात हायेत.”

तिनं हे हसून सांगितलं. आठवडाभरात त्या घरात मला दिसलेलं ते एकच हसू होतं.

निघताना मी खोकं, बबलरॅप आणि दगड मागून घेतला. दगड देताना चाचीनं तो पदरानं पुसला.

४

लॅब रविवारी बंद असते, पण माझ्याकडे किल्ली असते.

आधी खोकं. कोपरे शाबूत, पुठ्ठा कुठे दबलेला नाही. टेप ओढून काढली की पुठ्ठ्याचे तंतू तिच्यासोबत उपटून येतात. इथे एका बाजूची टेप निघून पुन्हा चिकटलेली होती, पण एकही तंतू उपटला नव्हता. कुणीतरी गोंद सैल करून ती हलक्या हातानं सोडवली होती.

मग पत्त्याचं लेबल. त्याची खालची कड त्या टेपला लागून होती आणि तिथे करंगळीच्या नखाएवढा काळा डाग होता. कुरिअरची लेबलं शाईनं छापत नाहीत. तो कागद उष्णतेनं काळा होतो. मी आमच्या स्टोअरमधली तीन लेबलं घेतली. एकावर पाण्याचा थेंब टाकला. काही झालं नाही. दुसऱ्यावर पेट्रोलचा. फारसं काही नाही. तिसऱ्यावर स्पिरिटचा थेंब पडला आणि बघता बघता लेबल काळं झालं.

पार्सल दिल्यावर शेखरदादा खोक्याचा फोटो काढतो, तो ग्राहकाला जातो. अनिसनं मला तो पाठवला होता. मी लेबल मोठं करून पाहिलं. शनिवार, सकाळी अकरा वाजून चार मिनिटं, चाचांच्या घराचा उंबरा. खालची कड पांढरीशुभ्र.

व्हिडिओत, अडतिसाव्या सेकंदाला, अनिस खोकं फिरवतो तेव्हा तो डाग आहे.

म्हणजे घड्याळ इंदुरात गायब झालं नव्हतं. वाटेतही नाही. ते उंबऱ्याच्या आत येऊन मग गेलं होतं. शेखरदादा सुटला होता. आणि त्या घरात रोज स्पिरिट हाताळणारी एकच व्यक्ती मला आठवत होती. तिच्या डब्यातली भाकरी मी दहा वर्षं खाल्ली होती.

मी खोकं बाजूला सारलं. मग उरलेली वस्तू तराजूवर ठेवली.

दगड एकाहत्तर पूर्णांक चार ग्रॅम.

विक्रेत्यानं लिलावाच्या पानावर साखळीसह घड्याळाचं वजन दिलं होतं. एकाहत्तर पूर्णांक चार.

कुरिअरचा काटा पाच ग्रॅमच्या टप्प्यानं मोजतो. चोराला एवढ्या अचूकतेची गरज नव्हती, पाच ग्रॅम इकडेतिकडे चाललं असतं. मी भिंगाखाली दगड फिरवला. दोन जागी तो सपाट होता आणि तिथे समांतर बारीक रेघा होत्या. कानशीच्या. कुणीतरी एका पारड्यात घड्याळ आणि दुसऱ्यात दगड ठेवून, पारडी सरळ होईपर्यंत दगड घासला होता. गरज म्हणून नाही. अदमासानं काम करायची त्या हाताला सवयच नव्हती.

नर्स कानस वापरत नाही. आणि स्पिरिट फक्त दवाखान्यात नसतं. घड्याळाचे भाग धुवायलाही लागतं.

५

सोमवारी सकाळी नऊला मी दुकानात गेले. शेखरदादाच्या कंपनीचा साहेब अकराला पोलीस चौकीत जाणार होता.

हात कापायला लागल्यापासून चाचा कामं कमीच घेतात. भिंतीवरची घड्याळं बंद होती. टेबलावर स्पिरिटची बाटली, कानशींचा डबा, पितळेचा छोटा तराजू.

“ये सृष्टी. बस.”

मी बसले. काय बोलायचं ते ठरवून आले होते, पण बोलायची गरज पडली नाही. सगळी घड्याळं बंद असलेल्या त्या खोलीत टिकटिक ऐकू येत होती. सेकंदाला पाच ठोके. ती त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून येत होती.

“चाचा, ते चालू केलंत तुम्ही?”

त्यांनी खिशावर हात ठेवला. आवाज दबला, थांबला नाही.

“बंद घड्याळ ठिवता येत न्हाई मला,” ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. शनिवारी दुपारी ते जेवायला घरी आले होते. खोकं कपाटावर दिसत होतं. ते उघडून आपली खूण एकदा डोळ्यांनी बघायची आणि परत होतं तसं ठेवायचं, एवढंच मनात होतं. ते खोकं घेऊन दुकानात आले. झाकण उघडलं, खूण होती. आपल्यानंतर कुणाची आहे का म्हणून भिंग लावलं. नव्हती. मग मशीन बाहेर काढलं.

“गाळ व्हता आत. वाळून बसलेला. धरनाचा गाळ. हितल्या मानसाला ते वळखायला चष्मा लागत न्हाई.” त्यांनी टेबलावर बोटानं गोल काढला. “बंद घड्याळात गाळ शिरला तर नुसता बसतो. ह्येच्यात गोल रेघा व्हत्या. चाकांनी वढलेल्या. पानी शिरलं तवा घड्याळ चालू व्हतं, पोरी. कुनाच्या तरी मनगटावर व्हतं. थांबंस्तवर चाकं गाळ फिरवत व्हती.”

हा निष्कर्ष मी भिंगाखाली काढला असता तर मलाही त्यात खोट सापडली नसती. त्याच्यासोबत काय झालं, पाय घसरला की कुठली होडी उलटली, घड्याळ कुणाला आणि कधी सापडलं, ते आता कळणार नाही. पण ज्याची चाची वाट बघत होती, तो त्याच जुलैत संपला होता.

“तिला कसं सांगू? म्हनलं, घड्याळ आलंच न्हाई आसं हू दे. दगड घातला आन टेपवरचं स्पिरिट वाळायच्या आत खोकं परत कपाटावर ठिवलं. वाट बघती तर बघू दे.” ते थांबले. “आन त्या राती मी त्याला म्हनलं व्हतं, जा, पुन्यांदा तोंड दावू नको. ते शेवटचं. तो जित्ता आसंल तर ते शेवटचं न्हवतं. म्हनून मलाबी तो जित्ताच पायजे व्हता.”

त्यांनी खण उघडून कागदाची पुडी काढली. घड्याळातून निघालेलं काहीही ते फेकत नाहीत, झाकणाच्या वाटीत ठेवतात. पुडीत चिमूटभर तांबूस गाळ होता.

“माती द्यायची ऱ्हायली व्हती त्याला,” ते म्हणाले. “आन हितं त्याचीच माती माज्या खनात.”

सव्वानऊ झाले होते. मला ते सांगणं भाग होतं.

“चाचा, शेखरदादाचा आयडी बंद केलाय. चोरी त्याच्या नावावर टाकलीय. अकराला तक्रार होणार आहे.”

त्यांना कळायला वेळ लागला. “कोन शेखर? तो पार्सलवाला? त्येचा काय संबंध? विमा व्हता ना?”

“विम्याचे पैसे कंपनी अशीच देत नाही. कुणाकडून गेलं ते आधी शोधते.”

“मला वाटलं, विमा आसला की कुनाचंच जात न्हाई,” ते म्हणाले. ते उठले, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की त्यांचे हात केवढे कापतात. त्या हातांनी ते मशीन खोलून पुन्हा जोडलं होतं.

अनिसला फोन त्यांनीच लावला. “घड्याळ माज्याजवळ हाय. मीच काढलं. तुजा कागद मागं घे, आत्ताच्या आत्ता.” मग अनिसनं एकच विचारलं असावं, कारण चाचा म्हणाले, “व्हय. पान्यात.”

दहा वाजून वीस मिनिटांनी विम्याचा दावा मागे घेतल्याचा ईमेल गेला. शेखरदादाचा आयडी मंगळवारी चालू झाला. शुभांगीला त्यानं सांगितलं की रजा संपली.

विमा काढावा की नाही, असं हल्ली मला ऑफिसात कुणी कुणी विचारतं. मी आकडे सांगते. विमा नसता तर ते खोकं शनिवारी अकरा वाजता उंबऱ्यावरच चाचीनं उघडलं असतं, हे सांगत नाही.

६

चाचा म्हणाले, तू संगं चल. मी गेले.

चाची तांदूळ निवडत होती. त्यांनी तिच्यासमोर सतरंजीवर आधी घड्याळ ठेवलं, मग पुडी. आणि दुकानात मला सांगितलं होतं ते सगळं पुन्हा सांगितलं. गाळ, रेघा, चाकं. काही गाळलं नाही. त्या रात्रीचं वाक्यही नाही.

ती रडली नाही. तिनं ताट बाजूला सरकवलं, घड्याळ उचललं आणि कानाला लावलं, दगड लावला होता तसंच. बराच वेळ ऐकत राहिली.

“पान्यात पडलं तवा चालू व्हतं म्हन्ता.”

“व्हय.”

“म्हंजे चावी दिलेली व्हती.”

“व्हय.”

“राती तुमी तसं बोल्ला, आन सकाळच्याला उठून त्यानं तुमच्या घड्याळाला चावी दिली.” तिनं घड्याळ खाली घेतलं. “रागावल्यालं मानूस देतं व्हय चावी? काढून फेकलं आसतं. त्यो रागावला नव्हता. साइटवर जाऊन सांजच्याला घरी येनार व्हता.”

चाचा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं खोलली होती. तीस तास म्हणजे काय, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. गुरुवारी सकाळी सहाला, भांडणाच्या आधी, दिलेली चावी शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पुरते. अतीक शुक्रवारी पहाटे निघाला होता. चावी कुठल्या सकाळची, हे गाळाच्या रेघांवरून कुणालाही सांगता येणार नाही.

“सृष्टी,” ते म्हणाले. “तू शिकलेली हायेस. ती म्हन्ती तसंच ना?”

जस्मीन दारात येऊन उभी राहिली होती. तिनं दवाखान्याचा डगला काढलेला नव्हता. चाचीनं पुडी उघडून बोटाच्या टोकानं त्या गाळाला हात लावला.

“हो चाचा,” मी म्हणाले. “चावी दिलेली होती.”

कधी, ते मला कुणी विचारलं नाही.